पावसातली पायपीट आणि हातमोज्यांचा बाजार

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की आपल्याकडच्या गावोगावच्या दुकानांचे रूप पालटते. कूलर आणि माठ मागे जातात, छत्र्या, रेनकोट, गमबूट, प्लॅस्टिकचे कागद पुढे येतात. डोक्यासाठी टोपी आहे, अंगासाठी रेनकोट आहे, पायांसाठी बूट आहेत. मात्र पावसात तासन्‌तास चालणाऱ्या माणसाच्या हातांसाठी काय आहे, असे दुकानदारास विचारले तर तो बहुधा मोटारसायकलवाल्यांचे कापडी मोजे काढून दाखवतो. हे मोजे पहिल्या दहा मिनिटांत भिजतात आणि नंतर ओल्या फडक्यासारखे हाताला चिकटून बसतात. गिऱ्हाईक एकदा घेते, पुन्हा त्या दुकानात त्या वस्तूसाठी येत नाही.

वस्तू लहान आहे, पण तिची गरज असणारे लोक थोडेथोडके नाहीत. टपाल वाटणारे, सकाळचे वर्तमानपत्र टाकणारी मुले, दुधाचे रतीब घालणारे, वाड्यावस्त्यांवर पायी जाणाऱ्या आशा सेविका, गुराखी, वीज मंडळाच्या लाइनीवर फिरणारे कर्मचारी, ही मंडळी पावसासाठी थांबू शकत नाहीत. माथेरानसारख्या ठिकाणी तर दस्तुरी नाक्यापुढे मोटारगाडीला बंदीच आहे. अलीकडे काही ई-रिक्षा धावू लागल्या असल्या तरी हमाल आणि घोडेवाले यांचा दिवस आजही लाल मातीच्या चिखलातून चालण्यातच जातो, आणि हातात कोणाच्या तरी बॅगेचा कडा नाही तर घोड्याचा ओला लगाम असतो. याच्या जोडीला गेल्या पंचवीस-तीस वर्षांत शहरी तरुणांची पावसाळी भटकंती वाढली आहे. शनिवार-रविवारी लोहगड, राजमाची, हरिश्चंद्रगड, कळसूबाई या वाटांवर जत्रेसारखी गर्दी असते. आषाढात आळंदी-देहूहून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट चालणारे लाखो वारकरी वेगळेच. तेव्हा या मालाकडे धंद्याच्या नजरेने पाहण्यास हरकत नसावी.

मात्र आधी हात गार का पडतो हे दुकानदाराला नीट ठाऊक हवे. ते ठाऊक नसेल तर तो घाऊक व्यापाऱ्याने पुढे केलेला माल उचलतो आणि नंतर तोच माल वर्षभर माळ्यावर ठेवतो.

पाणी हे हवेच्या तुलनेत सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेते. म्हणून अठरा-वीस अंशांची कोरडी हवा सुखाची वाटते आणि त्याच तापमानाचे पाणी अंगावर काटा आणते. शिवाय ओल्या कातडीवरचे पाणी वाऱ्याने वाळत असते. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन जाताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जाते. भिजलेल्या सुती मोज्यात तीस ग्रॅम पाणी मुरले आहे असे धरले, तर ते हातावरच वाळवायला सतरा किलोकॅलरी खर्च पडतात. आकडा लहान दिसतो, पण माणसाचा पंजा भरतो अर्ध्या किलोच्या आत. त्याच्याकडून ही वसुली मोठी आहे. आणि वरून पाऊस चालूच असल्यामुळे मोजा वाळत तर नाहीच, उलट पुन्हा भरतो.

दुसरी गोष्ट शरीराच्या व्यवस्थेची. थंडी वाजू लागली की शरीर प्रथम हृदय, फुप्फुसे, यकृत यांची काळजी घेते आणि हातापायांच्या टोकांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसून घेते. याचा अर्थ असा की छाती-पाठ भिजून गारठली असेल तर कितीही भारी मोजा घाला, बोटे गारच राहणार. मनगटाचेही तसेच. तेथे रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळून जातात, म्हणूनच वैद्य नाडी तेथे पाहतात. मनगट उघडे राहिले तर पंजात पोचणारे रक्त वाटेतच निवते. मोजा आखूड आणि रेनकोटची बाहीही आखूड, मधल्या चार बोटांच्या जागेवर पावसाची धार, असे दृश्य कोणत्याही गडाच्या पायथ्याशी पाहायला मिळते.

पाण्यात बोटांना सुरकुत्या पडतात त्याचाही येथे उल्लेख करावासा वाटतो. कातडी पाणी पिऊन फुगते म्हणून असे होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात हे काम मज्जातंतूंचे आहे. ज्या बोटाची नस तुटली आहे त्या बोटाला पाण्यात सुरकुत्या पडत नाहीत, हे डॉक्टरांच्या लक्षात येऊन आता बराच काळ लोटला. म्हणजे ओल्या हाताच्या बोटांतील रक्तवाहिन्या शरीर स्वतःच आकसून घेते.

बोटांच्या कातडीचे तापमान विशीच्या खाली गेले की बोटांची चपळाई कमी होऊ लागते. पंधराच्या खाली तर गाठ सोडणे, बक्कल लावणे, नाणे उचलणे जड जाते. कळसूबाईच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. इतर अनेक गडांवर कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि रेलिंगचाच आधार असतो. तेथे बधिर हात ही केवळ गैरसोय राहत नाही. ओल्या लोखंडावरची पकड सुटली तर काय होते हे सांगण्याची गरज नाही. यास्तव आम्ही या वस्तूकडे शौकाची वस्तू म्हणून पाहत नाही.

कोणता मोजा कशाचा

बाजारात ढोबळमानाने चार प्रकारचे हातमोजे मिळतात.

पहिला चामड्याचा. कोलकात्याजवळच्या बंतला येथील चर्म संकुलात कामगारांसाठीचे चामडी हातमोजे मोठ्या प्रमाणावर तयार होतात आणि परदेशी जातात. वस्तू टिकाऊ, घर्षणाला पक्की. मात्र चामडे पाणी पिते आणि शिवणीच्या प्रत्येक भोकातून पाणी आत येते. भिजल्यावर जड होते, वाळल्यावर कडक होते. दोरखंड ओढायला हा मोजा उत्तम, पावसात चालायला नाही.

दुसरा विणलेला. यात सुती, लोकरी आणि कृत्रिम धाग्याचे असे तीन भाग करावे लागतात. सुती मोजा पावसात सर्वांत वाईट, कारण तो भिजतो लवकर आणि वाळतो उशिरा. लोकरीची तऱ्हा वेगळी. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा धाग्याच्या पोटात सामावून घेते आणि तरीही हाताला कोरडीशी लागते. ओलावा शोषताना ती थोडी उष्णताही बाहेर टाकते. भिजून चिंब झाली तरी तिचे तंतू दबून सपाट होत नाहीत, त्यामुळे हवेचा थर थोडाफार टिकतो. युरोपातील आल्प्सच्या डोंगरांत उकळून आटवलेल्या जाड लोकरीचे मोजे पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले ते याच गुणामुळे. कृत्रिम धाग्याचा, विशेषतः फ्लीसचा मोजा ऊब थोडी कमी देतो, पण पिळला की बरेचसे पाणी टाकतो. वाऱ्याला मात्र तो चाळणीसारखा आहे.

तिसरा प्रकार पडद्याचा, म्हणजे ज्याच्या आत पाणी अडवणारा व वाफ सोडणारा पातळ पडदा बसवलेला असतो. दुकानदार ज्याला 'इंपोर्टेड वॉटरप्रूफ' म्हणतात तो हा. किंमत भारी, नफाही जोडीमागे भारी, म्हणून घाऊक व्यापारी हाच माल पुढे करतात. त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे.

चौथा प्रकार बुडवून तयार केलेला. चिनी मातीचा किंवा धातूचा हाताचा साचा रबराच्या, नायट्राइलच्या किंवा पीव्हीसीच्या द्रवात बुडवून काढतात. शिवण कोठेच नाही, म्हणून पाणी शिरायला जागाच नाही. घरी भांडी घासताना वापरतात तो, मासळी बाजारात कोळिणी वापरतात तो, रसायनाच्या कारखान्यात वापरतात तो, सर्व याच जातीचे. वैद्यकात रबरी मोजा आला तोही हात वाचवण्यासाठीच. सुमारे १८९० साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. विल्यम हॉलस्टेड यांच्या शस्त्रक्रियागृहातील परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांचे हात जंतुनाशक द्रावणाने सोलवटू लागले. तेव्हा डॉक्टरांनी गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबरी मोजे करून घेतले. रुग्णाला जंतुसंसर्ग होऊ नये हा विचार त्यास पुढे चिकटला.

महाग मोजा आपल्याकडे का फसतो

पडद्याच्या मोज्याचा शोध खरोखरच मोठा आहे. १९६९ साली बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्याने ताणला आणि त्यातून असंख्य सूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार झाला. १९७६ पासून त्याचे कापड गोर-टेक्स या नावाने बाजारात आले. पावसाचा थेंब या छिद्रांच्या मानाने प्रचंड मोठा, म्हणून आत येत नाही. घामाची वाफ सूक्ष्म, म्हणून बाहेर जाते. जाहिरातीत एवढेच सांगितले जाते.

जे सांगितले जात नाही ते असे. वाफ आपण होऊन बाहेर जात नाही. आत वाफेचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल तरच ती जाते. मोज्याच्या आत बत्तीस अंशांची घामट हवा आहे असे धरू. तेथे वाफेचा दाब सुमारे ४८ मिलिबार असतो. स्कॉटलंडच्या डोंगरावर पाच अंश तापमानात पाऊस पडत असेल तर बाहेर हा दाब ९ च्या घरात, म्हणजे फरक ३९. महाबळेश्वरच्या जुलैमध्ये, अठरा अंशांच्या धुक्यात, फरक उरतो २७. आणि खाली कोकणात महाड-चिपळूणकडे सत्तावीस अंशांच्या दमट पावसात तो फक्त १२ उरतो. तोच मोजा, तेच पैसे, पण वाफ बाहेर ढकलणारा जोर स्कॉटलंडच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. माणूस घाट चढत असतो, घाम भरपूर येतो, आणि तो आतच साचतो. गिऱ्हाईक दुकानदाराला सांगते, 'मोजा गळतो.' मोजा गळत नाही. तो आतून भिजलेला असतो.

त्यात आणखी एक अडचण आहे. पडद्याच्या बाहेर जे कापड असते त्यावर पाणी घरंगळून जावे म्हणून एक लेप दिलेला असतो. घासून-घासून, धुऊन-धुऊन हा लेप जातो. मग बाहेरचे कापड पाण्याने जड होते, पडदा जणू ओल्या गोधडीखाली झाकला जातो, आणि उरलासुरला जोरही संपतो. असा मोजा एकदा आत भिजला की रात्रभरात वाळत नाही. त्याचे अस्तर हात काढताना उलटे बाहेर येते आणि ओल्या बोटांनी ते पुन्हा आत सारता येत नाही. डोंगरावर हा प्रकार वैताग आणणारा असतो. आणि भटकंतीला जाणारा आजचा तरुण तर मोबाइलसाठी दर दहा मिनिटांनी मोजा काढतोच!

या लेपात आणि पडद्यात वापरल्या जाणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांवरही आता जगभर टाच येत आहे. ती निसर्गात नष्ट होत नाहीत हा आक्षेप आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून अशा रसायनांच्या कपड्यांवर निर्बंध लागू झाले आहेत. गोर कंपनीनेही २०२२ पासून वेगळ्या पदार्थाचा पडदा बाजारात आणला. अशा वेळी जुना माल स्वस्तात विकायला निघतो. 'परदेशी कंपनीचा माल निम्म्या किमतीत' अशी ऑफर आली तर आमच्या वाचकांनी थोडे थांबून विचार करावा.

मासळीवाल्यांचा मोजा डोंगरावर

याच्या उलट एक गोष्ट जपानची आहे आणि व्यापाऱ्यांनी ती जरूर लक्षात घ्यावी. हिमेजी शहरातील शोवा ही कंपनी १९५४ पासून कामगारांचे हातमोजे करते. तिचा 'टेमरेस' नावाचा निळा मोजा मुळात ओल्या आणि थंड जागी काम करणाऱ्यांसाठी होता. बाहेरून पॉलियुरेथेनचा लेप, शिवण नाही, आत ऊबदार अस्तर, आणि लेपातून थोडी वाफ बाहेर जाते. बर्फात जाणाऱ्या जपानी गिर्यारोहकांनी पाहिले की डोंगरी दुकानातल्या महागड्या मोज्यापेक्षा हा कामगारांचा मोजा कोरडा राहतो आणि किमतीने कितीतरी कमी आहे. ते हार्डवेअरच्या दुकानातून तो घेऊ लागले. शेवटी कंपनीनेच डोंगरवाल्यांसाठी त्याची काळ्या रंगाची आवृत्ती काढली. पाश्चात्त्य देशांतील गिर्यारोहकही आता तो मागवतात.

आपल्या हार्डवेअरवाल्या बंधूंनी येथे कान टवकारावेत. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी येथे कामगारांच्या सुरक्षेचा माल घाऊक मिळतो. तेथे नायट्राइलचे लांब मोजे, रबराचे लांब मोजे, पीव्हीसीचे मोजे जोडीवर आणि डझनावर मिळतात. भटकंतीच्या मालाचे दुकान थाटण्याची गरज नाही. जे गोदामात 'केमिकल ग्लोव्ह्ज' म्हणून पडून असते तेच पावसाळ्यात पायी चालणाऱ्यास उपयोगी पडते.

आमच्या मते आपल्या घाटमाथ्यासाठी सर्वांत व्यवहारी जोडी अशी: आत पातळ लोकरीचा किंवा फ्लीसचा मोजा, आणि त्यावर एक माप मोठा, सैल, मनगटाच्या वर चार-सहा बोटे पोचणारा नायट्राइल किंवा रबराचा मोजा. घाम येतो, हे खरे. त्यावर उपाय म्हणजे आतले मोजे दोन जोड ठेवावेत, एक हातात आणि एक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. आतला भिजला की बदलावा. बाहेरचा मोजा उलटा करून फडक्याने पुसला की अर्ध्या मिनिटात कोरडा. ही सोय महागड्या पडद्याच्या मोज्यात नाही. चढ चढताना हात गरम असतील तर मोजे काढून खिशात ठेवावेत, माथ्यावर वारा लागण्याच्या आधी घालावेत. हात गार पडल्यावर मोजा घालून उपयोग थोडाच होतो, कारण मोजा ऊब निर्माण करत नाही, असलेली राखतो.

सैल मोजा म्हटले त्यावर काही दुकानदार नाराज होतात, गिऱ्हाईक 'फिटिंग' मागते म्हणतात. पण घट्ट मोजा बोटातले रक्त अडवतो आणि हवेचा थरही ठेवत नाही. ज्यांना बोटे सुटी लागत नाहीत त्यांच्यासाठी अंगठा वेगळा व चार बोटे एकत्र असा मोजा जास्त ऊबदार, कारण बोटे एकमेकांना शेकतात. शिडी चढायची असेल तर मात्र तो नको.

बाहीचाही एक साधा नियम आहे. हात खाली सोडून चालणाऱ्याने रेनकोटची बाही मोज्याच्या वरून घ्यावी, म्हणजे खांद्यावरून येणारे पाणी बाहेर पडते. छत्री किंवा उंच काठी धरणाऱ्याचा पंजा कोपराच्या वर असतो. त्याने मोजा बाहीच्या वरून घ्यावा, नाहीतर मनगटातून शिरलेले पाणी थेट बगलेपर्यंत पोचते.

छत्रीला कमी लेखू नये. वारा नसलेल्या पावसात, खालच्या सपाट वाटेवर, छत्री दोन्ही हात कोरडे ठेवते आणि घामही आणत नाही. मुंबईच्या इब्राहिम करीम यांच्या पेढीची 'स्टॅग' छत्री १८६० पासूनची, तिचे नाव आजही लोक घेतात. गुराख्यांची बांबू आणि पानांची इरली तर दोन्ही हात मोकळे ठेवतात. घोंगडीची खोळ घेतलेला धनगर आपले हात आत घेऊन चालतो, त्याला मोज्याची आठवणही येत नाही. दख्खनी मेंढीची ही लोकर राठ असते, सनगर कारागीर चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी विणतात, आणि पाणी तिच्यावरून बराच वेळ ओघळत राहते. या लोकरीला आज भाव नाही. तिचे मनगटपट्टे किंवा जाड मोजे विणून कोणी बाजारात आणले तर चालतील का? उघड्या कातडीला ती टोचेल, हे नक्की. पण आत पातळ मोजा असेल तर टोचण्याचा प्रश्न उरत नाही. मनगटपट्टा तर सोपी वस्तू आहे, त्याला बोटेही विणावी लागत नाहीत. सातारा-कोल्हापूरकडील एखाद्या महिला बचत गटाने हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.

हिशेब आणि खरेदी

आता भांडवलाचे. पुढील आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून धरले आहेत, बाजारभाव म्हणून नव्हेत. समजा एकाने पडद्याचे मोजे ८०० रुपये दराने वीस जोड घेतले. १६,००० रुपये गुंतले. १,२०० रुपयांनी आठ जोड गेले तर हाती आले ९,६००. सीझन संपला तेव्हा ६,४०० रुपये अजून यायचेच आहेत आणि बारा जोड माळ्यावर. दुसऱ्याने ५० रुपयांचे नायट्राइलचे शंभर जोड आणि ६० रुपयांचे आतले मोजे शंभर जोड घेतले. ११,००० गुंतले. दोन्हींचा संच १६० रुपयांना विकून सत्तर संच गेले तर ११,२०० हाती आले. भांडवल परत आले, वर दोनशे मिळाले आणि तीस संचांचा माल शिल्लक आहे. शिवाय हा माल पावसाळ्यानंतर भांडी घासणाऱ्यांना, रंगाऱ्यांना, फवारणी करणाऱ्यांना विकता येतो. महागड्या मोज्याला दिवाळीनंतर कोण विचारतो?

शिल्लक मालाबाबत एक सावधगिरी हवी. नैसर्गिक रबर उन्हाने, उष्णतेने आणि हवेतील ओझोनने खराब होते. पत्र्याच्या माळ्यावर उन्हाळाभर ठेवलेले रबरी मोजे पुढच्या जूनमध्ये चिकट किंवा ठिसूळ झालेले सापडतात. नायट्राइल यात जास्त टिकते. पीव्हीसी स्वस्त आहे, पण गारठ्यात कडक होते आणि पकड कमी देते. काही लोकांना नैसर्गिक रबराची अ‍ॅलर्जी असते, हाताला खाज व पुरळ उठते. अशांना नायट्राइल द्यावे. वीज कामगारांचे विद्युतरोधक मोजे ही सर्वस्वी निराळी वस्तू असून त्यांचे मानक आयएस ४७७० आहे. साधा रबरी मोजा कोणी विजेच्या कामासाठी मागितला तर स्पष्ट नकार द्यावा. तेथे प्रश्न जिवाचा आहे.

खरेदी करताना प्रत्येक खोक्यातील दोन-तीन जोड तपासावेत. मोज्यात हवा भरावी, तोंड पिळून बंद करावे आणि बादलीतल्या पाण्यात दाबावा. बुडबुडा आला तर भोक आहे. आयात मालावर 'ईएन ५११' असे लिहून खाली तीन आकडे असतात. त्यातला तिसरा आकडा पाण्याचा: १ असेल तर पाणी अडते, ० असेल तर नाही. 'ईएन ३८८' हे घर्षण, काप, फाटणे आणि टोचणे यांचे मानक आहे. त्याचा पाण्याशी काहीही संबंध नाही, तरी ते दाखवून माल वॉटरप्रूफ म्हणून खपवणारे महाभाग आहेत.

वेष्टनावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष, आणि आयात माल असेल तर मूळ देश हे छापलेले असावे. वेष्टित मालासंबंधीच्या २०११ च्या नियमांनुसार ते बंधनकारक आहे. तोंडी बढाईबाबतही सांभाळावे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० पासून लागू आहे आणि त्यानुसार उत्पादकाने न दिलेली हमी विक्रेत्याने स्वतःहून दिली, आणि त्या हमीप्रमाणे माल न निघाल्याने ग्राहकाला इजा झाली, तर जबाबदारी विक्रेत्यावरही येऊ शकते. 'दिवसभर हात कोरडा, आमची गॅरंटी' असा फलक लावण्याआधी हे आठवावे. त्यापेक्षा 'बाहेरचे पाणी येणार नाही, घाम येईल, आतला मोजा बदला' असे खरे सांगितलेले बरे. गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी मित्राला घेऊन येते.

विकताना मोज्याबरोबर दोन वाक्ये वापराविषयीही द्यावीत. ओला मोजा चुलीवर किंवा गाडीच्या सायलेन्सरवर वाळवू नये, रबर वितळते आणि लोकर आक्रसते. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत टांगावा. रात्री हात साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे पुसून खोबरेल लावावे, कारण दिवसचे दिवस ओली राहिलेली कातडी पांढरी पडून सोलते. हाताला जखम असेल आणि साचलेल्या पाण्यातून किंवा चिखलातून काम असेल तर मोजा अवश्य घालावा. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच जखमेतून शिरतात, आणि जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या आजाराने माणसे दगावली होती.

मापांकडे आपले दुकानदार सर्वांत कमी लक्ष देतात. तळहाताचा घेर अंगठा सोडून मोजला असता सुमारे १८ सेंटिमीटर भरला तर माप ७, २० भरला तर ८, २३ भरला तर ९. आत दुसरा मोजा घालायचा असल्याने बाहेरचा एक माप मोठा द्यावा. घाऊकवाले बहुधा ९ आणि १० चीच खोकी देतात, कारण माल कारखान्यातील पुरुष कामगारांसाठी आलेला असतो. आशा सेविका, दूध घालणाऱ्या बायका, पेपर टाकणारी पोरे यांना तो मोजा हातातून निसटतो. त्यांच्यासाठी आतला ७ आणि बाहेरचा ८ या मापांची निदान दोन-दोन डझन मागवावीत, आणि ऑर्डर एप्रिलच्या शेवटीच द्यावी. जूनच्या पहिल्या सरीनंतर लहान मापे शोधूनही सापडत नाहीत.